बाळंतविड्यातली गोधडी

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण माझ्यासमोर गोधडीचं नाव काढू नका. का म्हणता? ऐका मग. ऐकून तुम्ही हसाल, मला ठाऊक आहे. मी मात्र अजून रडतेय.

माझी लेक प्राजक्ता बाळंतपणाला माझ्याकडे, अमरावतीला आली होती. नात झाली. तीन महिन्यांनी दोघींना अकोल्याला सासरी पोचवायचं, तर बाळंतविड्यात माझ्या हातची गोधडी हवीच, असं माझ्या मनाने घेतलं. विहीणबाईंनी आपल्या चार जुन्या साड्या धाडल्या. वर फोन केला, "नरम झाल्या हायेत, लेकराले टोचनार नाही." किती चांगली बाई! एवढं ध्यानात ठेवा.

प्राजक्ताने मोबाइलवर पाहून मला नवी पद्धत शिकवली. चौकोनी तुकडे जोडायचे आणि एकेक शिवण इस्त्रीने दाबायची. इस्त्री ओढायची नाही, ठेवायची, उचलायची. शिवणीची दुमड गडद कापडाकडे वळवायची, म्हणजे फिक्या कापडातून दिसत नाही. मे महिना, अमरावतीचं ऊन, आणि पंखा लावला की तुकडे उडतात! बिनपंख्याची मी, हातात तापलेली इस्त्री. कपाळावर भाकरी टाकली असती तर भाजून निघाली असती.

त्यात कुठला तुकडा कुठे, हे लक्षात राहीना. म्हणून प्राजक्ताने एक पेन दिला. "आई, याने कापडावर खुशाल लिही. इस्त्री लागली की शाई गायब."

आता हे सांगावं कुणाला? एकतीस वर्षं शाळेत पेपर तपासलेल्या बाईला? मी सुटलेच! तुकडे जमिनीवर सुलटे मांडलेले, त्यामुळे लिहिलं तेही सुलट्या बाजूला. माझ्या आईच्या इरकलीवर लिहिलं, 'मध्यभागी. दहापैकी नऊ.' विहीणबाईंच्या जांभळ्या साडीवर, 'बरी. पायाशी चालेल.' आणि त्यांच्या त्या पोपटी साडीवर, राणी रंगाच्या काठांची हो, तिच्यावर लिहिलं, 'विहीणबाई. भयंकर भडक! कोपऱ्यात दडवणे. दहापैकी दोन.' खाली सहीसुद्धा ठोकली. सवय, दुसरं काय!

मग इस्त्री ठेवली, उचलली. शेरा गायब! चष्मा लावून दोनदा तपासलं. कापड कसं कोरं करकरीत. मी निर्धास्त.

अकोल्याला विहीणबाई गोधडी पाहून हरखून गेल्या. बाळ बघायला आळीतल्या दहा बायका जमल्या होत्या. पण ऊन तर अमरावतीच्या वरताण. "इहीनबाई, एवढ्या गरमीत लेकराले गोधडीवर निजवाव कसं?" असं म्हणून त्यांनी काय करावं? घराखालीच त्यांचं आइस्क्रीमचं दुकान. मी हातपाय धुऊन येते तोवर गोधडी डीप फ्रीजरमध्ये!

"घंटाभर राहू द्या, मस्त थंडी होते. आमी उशा बी तशाच ठेवतो."

मीही कौतुकाने मान डोलावली. मला काय माहीत, ती शाई गारठली की परत येते? पेनाच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे. आणि मुलांना मी एकतीस वर्षं काय सांगत होते? सूचना नीट वाचा!

तासाभराने त्यांनी गोधडी आणून सगळ्यांसमोर पसरली. मला आधी वाटलं, डाग पडले. मग अक्षर ओळखलं. माझंच! ठसठशीत, वळणदार, शेवटच्या बाकावरूनही वाचता यावं असं. देवा, एवढं चांगलं अक्षर कशाला दिलंस मला?

"काही लिवलं हाये वाटते," एक काकू वाकून म्हणाल्या.

"काही नाही! प्राजक्ता, इस्त्री आण! आधी इस्त्री आण!" मी किंचाळले.

"आता इस्त्री काहून?" विहीणबाईंनी चष्मा लावला आणि एकेक तुकडा वाचत निघाल्या. प्राजक्ताचा चेहरा पांढराफटक. तिला याच घरात जन्म काढायचाय, आणि तिच्या आईने सासूला नापास करून, वर सही करून ठेवलेली. लेकीचा संसार मी दोन ओळींत मोडला, असंच वाटलं.

"या पोपटीले दोन मार्क?"

"अहो, ते... ते शिवणीच्या खुणेसाठी..."

"नाही, नाही. बराबर देले तुमी," विहीणबाई म्हणाल्या. "मले बी भडकच वाटली होती ते. पन काय करू? पोराच्या लग्नात आहेरात तुमीच देल्ली होती ना! तुमाले वाईट वाटू नये म्हून दोन साल नेसली मी."

आणि मग आठवलं. माझ्या नणंदेकडून आलेली साडी. भडक वाटली म्हणून घडीसुद्धा न मोडता मीच पुढे ढकलली होती.

प्राजक्ताने तिथल्या तिथे इस्त्री फिरवली. शेरे पुन्हा उडाले. पण उपयोग काय? आता अकोल्याला कुणीही पाहुणा आला की विहीणबाई म्हणतात, "थांबा, आमच्या इहीनबाईचं अक्षर दाखवतो," आणि गोधडी फ्रीजरात टाकतात.