शाडूत दाबलेलं नाणं

ओल्या शाडूचा वास आला की मला अजून एक रुपया आठवतो. नाणी जमवायला लागून मला महिनाच झाला होता. अष्टमी गावातल्या एका दुकानदाराशी दुपारभर घासाघीस करून, वारलेल्या वडिलांचं घड्याळ देऊन मी एक रुपया मिळवला होता. त्यावर सिंहांच्या जागी मागचाच आकडा आरशातल्यासारखा उलटा, आत दबून उमटलेला होता. टांकसाळीची दुर्मीळ चूक, असं तो म्हणाला होता. घड्याळ गेल्याचं आईला माहीत नव्हतं. पेणला गणपतीचे साचे बनवणाऱ्या ओळखीच्या म्हाताऱ्याला मी तो रुपया दाखवला. त्याने मागची बाजू शाडूच्या गोळ्यावर दाबली आणि ठसा न्याहाळला. "आकडा चेपलाय रे," तो म्हणाला. "टांकसाळीत झालं असतं तर ही बाजू धारदार राहिली असती. कोणीतरी सिंहांवर दुसरं नाणं ठेवून पकडीत आवळलंय." "नीट बघा, काका," मी ओरडलो. "ओरडून आकडा वर येनार हाय काय?" घरी आईला सांगितलं, घड्याळ दुरुस्तीला दिलंय. त्या दुकानदाराला मी आजही तोंडावर शिव्या देतो. आईने घड्याळाचं विचारलं, की मात्र अजून दुरुस्तीलाच आहे, असं सांगतो.