मुरुडचा खोकला

नांदेडला बसून मी ज्या अणुगर्भांचा अभ्यास करतो ते इतके अल्पायुषी, की तुमची पापणी लवेपर्यंत त्यांच्या दहा पिढ्या खपतात. त्यातल्या एका लिथियमचे दोन न्यूट्रॉन घर सोडून पार वेशीवर भटकतात, म्हणून ते चिमुकलं बेणं शिशाच्या गर्भाएवढं ऐसपैस दिसतं. परदेशातल्या यंत्रात त्याला आपटून फोडतात; ठिकऱ्यांवरून मूळ ओळखायचं काम माझं.

अडचण एकच. एखादा न्यूट्रॉन एका डिटेक्टरवर आपटून उसळतो, शेजारच्यालाही जाऊन धडकतो, आणि यंत्र एकाचे दोन मोजतं. त्या दुसऱ्याला आम्ही भूत म्हणतो. भुतं चाळून टाकायची. चाळूनही जे उरतं ते खरं मानायचं. अशी लाखो भुतं मी गाडलीत. आख्ख्या मराठवाड्यात माझ्या तोडीचा मांत्रिक सापडायचा नाही.

आप्पा, माझे वडील, गेले आणि आई लातूरजवळच्या मुरुडच्या घरात एकटी राहिली. तिला नांदेडला न्यायला गेलो, तर ती अडून बसली.

"कशी येऊ? ते खोकायलेत की दुकानात. भर दुपारी."

"गाव खोकतंय गं आई."

"ह्यांचा खोकला मला कळंना व्हय?"

घराच्या पुढच्या खोलीत आप्पांचं तेलाचं दुकान. ते खोकले की लातूरच्या डाळमिलचा भोंगा लाजायचा. तिची पेटी रिक्षात चढवली आणि दुकानात शिरलो. रिकामी पिंपं रांगेनं उभी होती.

"आई, स्वयंपाकघरातून खोक जरा!"

ती खोकली. खोकला पिंपांत शिरला, घुमला आणि जाड होऊन बाहेर आला. हुबेहूब आप्पा! मनात म्हटलं, घावलं, खोकते हीच. एकाचे दोन. सगळी पिंपं अंगणात नेऊन आडवी घातली.

"आता खोक."

आता नुसता तिचा बारीक खोकला आला.

"बघ, गेलं भूत. चल."

ती डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात आली, निघण्याआधी घोटभर पाणी प्यावं म्हणून तांब्या तोंडाला लावला. मी तिच्याकडेच बघत होतो. घोट तिच्या गळ्यातून खाली उतरत होता, आणि माझ्या पाठीमागं, रिकाम्या खोलीत, कुणीतरी खोकलं. जाड. शेवटी आप्पा घ्यायचे तसा ओढलेला श्वास.

रिक्षावाल्यानं मान वाकवली. "आतल्या बाबांना बी घ्यायचं का साहेब? जागा हाय मागं."

आईनं तांब्या खाली ठेवला. "चाळ की आता," म्हणाली.

चाळायला खोलीत काही शिल्लकच नव्हतं. मी रिक्षापाशी गेलो, दुकानाकडं पाठ होऊ न देता, आणि तिची पेटी खाली उतरवली.