चुकत असंल तर सांगा

“चुकत असंल तर सांगा,” असे म्हणून ते चुकीचेच सांगायला सुरुवात करत. त्याआधी डिझेलच्या रिकाम्या डब्यावर उजव्या हाताची बोटे दोनदा वाजवत आणि मान जराशी कलती करून कान पुढे करत. उत्तर कुठून येणार हे त्यांना आधीच ठाऊक असावे, असा तो कान दिसे.

नव्वदच्या दशकात इंदापूर तालुक्यातून उजनी धरणाच्या पाण्यावर लाँचने गेला असाल, तर तुम्ही त्यांना पाहिले असेल. खाकी सदरा, धोतर, खांद्याला तिकिटांची चामडी पिशवी. सगळे त्यांना तात्या म्हणत. ते आता नाहीत. ती लाकडी लाँचही नाही.

लाँच एरवी पलीकडच्या काठाची माणसे, शेळ्या, दुधाच्या किटल्या आणि मोटारसायकली ने-आण करी. सुट्टीच्या दिवशी मात्र एखादे कुटुंब सगळी लाँच ठरवून घेई. आजोबा, आजी, मुले, सुना, लेकी, जावई, नातवंडे. पाण्यावर फिरायचे, थंडीत रोहित पक्षी पाहायचे, बुडालेल्या गावावरून जायचे आणि परत काठावर येऊन डबे उघडायचे. तेवढ्या वेळात त्या कुटुंबाचे मन रमवण्याचे काम तात्यांना कोणी दिले नव्हते. त्यांचे काम तिकिटे फाडण्याचे होते. हे दुसरे त्यांनी आपणहून घेतले होते.

त्यांच्या करमणुकीचे काही नियम होते. पहिला बसण्याचा. सुना डोक्यावर पदर घेऊन सासऱ्यांपासून लांब, कडेला अंग चोरून बसत. तात्या म्हणत, “आवो, लाँचीत माजघर न्हाय. समद्यांनी वसरीतच बसायचं.” मग म्हाताऱ्यांना मधल्या फळीवर, सुनांना समोर जिथून पाणी दिसेल तिथे आणि पोरांना म्हाताऱ्यांच्या पायाशी बसवत. दुसरा नियम टेपरेकॉर्डरचा. तरुण मुले तो हमखास आणत. तात्या हरकत घेत नसत. “लावा की. इंजनापेक्षा मोठा वाजला तर ऐकू.” तितका मोठा तो कधीच वाजत नसे. “आन इंजन बंद झालं की त्यो बी बंद,” एवढी एकच अट.

इंजिन बंद होई ते बुडालेल्या गावावर. चालक कळ ओढी, लाँच थरथरून शांत होई आणि सगळ्यांना एकदम पाण्याचा आवाज ऐकू येई. मग डब्यावर बोटे वाजत.

मी तेव्हा बारामतीहून एका दैनिकासाठी बातम्या पाठवत असे. पाण्यावरच्या या सहलींबद्दल चार ओळी लिहाव्यात म्हणून एका रविवारी गेलो. त्या दिवशी बुडालेल्या गावातून उठून कन्हेरीला गेलेले एक कुटुंब होते. त्यांतली आजी पाण्याकडे पाठ करून बसली होती. गाव गेल्यापासून तिने या पाण्याकडे पाहिले नव्हते, पाहणारही नव्हती, असे तिच्या सुनेने हळूच सांगितले. नातवंडांच्या हट्टासाठी ती आली होती. पदराने निम्मा चेहरा झाकून ती लाँचच्या फळ्या पाहत होती.

तात्यांनी डबा वाजवला. “चुकत असंल तर सांगा. हितं खाली आजींचं घर. दारात लिंबाचं झाड. झाडाला पार न्हवता.”

आजीने पदर आणखी पुढे ओढला.

“लिंब बी खुरटाच व्हता म्हणत्यात. सावली न्हाय, काय न्हाय.”

“कोण म्हणतंय?” आजी पदरातून म्हणाली. “चिंच व्हती. आन पार न्हवता कसा? माझ्या सासऱ्यानं बांधलेला.”

“आसं व्हय? मग ती चिंच घराच्या मागं आसंल.”

“म्होरं!” आजी फळीवर हात टेकून उठली, वळली आणि पाण्याकडे बोट केले. “तितं. न्हाय, तितं बी न्हाय. आरं, लाँच घे की जरा अल्याड. देवळाच्या ह्या अंगाला.” चालकाने वल्ह्याने लाँच वळवली. नंतर चिंच, पार, गोठा, विहीर, विहिरीवर भांडणाऱ्या जावा, सगळे क्रमाने आले. नातवंडे लाँचच्या कडेला ओणवी होऊन पाण्यात चिंच शोधू लागली. आजी हिरव्या पाण्याकडे एकटक पाहत बोलत होती आणि आपण पाहतो आहोत हे तिच्या लक्षात नव्हते.

माझ्या त्या दिवशीच्या टिपणात ‘माहिती सांगणाऱ्याच्या बऱ्याच चुका’ असे वाक्य आहे.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्याच बुडालेल्या गावचे दुसरे कुटुंब होते. त्याच जागी इंजिन बंद झाले. तात्या म्हणाले, “हितं पिंपळ व्हता.” मधल्या फळीवरचे आजोबा ताडकन म्हणाले, “चिंच!”

काठावर उतरल्यावर मी म्हणालो, “तात्या, चिंच होती हे मागेच ठरले होते.”

“चिंचच हाय की.”

“मग पिंपळ का सांगितला?”

त्यांनी तिकिटांची पिशवी खांद्यावरून काढली. “बरोबर सांगितलं की म्हातारं माणूस मान हलवतं. व्हय म्हणतं आन गप बसतं. चुकीचं सांगा, उठून हुबं ऱ्हातंय.”

धक्क्याजवळ पत्र्याच्या टपरीत त्यांची बायको चहा करत असे. तिने स्टोव्हवरून मान वर न करता भर घातली. “बाहीर मुद्दाम चुकत्यात, सायेब. घरात आपसूक.”

त्यानंतर मी अनेकदा गेलो. बातमीसाठी असे म्हणत असे, पण बातमी पहिल्याच फेरीत संपली होती.

एका फेरीत दोन म्हातारे भाऊ होते. घरातल्या एका लग्नानंतर देवदर्शन करून आलेले सगळे बिऱ्हाड होते आणि हे दोघे लाँचच्या दोन टोकांना. शेताच्या बांधावरून त्यांचे बोलणे कधीच तुटले होते. ते शेत धरणात गेले, भरपाई मिळाली, नव्या जमिनी मिळाल्या, पण अबोला राहिला. तात्यांना हे कोणीतरी धक्क्यावरच सांगितले असावे. इंजिन बंद झाल्यावर त्यांनी डबा वाजवला.

“चुकत असंल तर सांगा. ह्या दोघा भावांच्या रानात बांधच न्हवता. इतकं पिरेम.”

“कोण म्हणतो?” दोन्ही टोकांकडून एकदम आले.

“बांध व्हता,” धाकटा म्हणाला, “आन त्यो दर साली माझ्याकडं सरकायचा.”

“आरं, बैल वाकडं चालायचं. मी काय करू?”

“बैल तुझ्याच बाजूला कसं वाकडं चालत न्हवतं?”

लाँच हसत होती. पाण्याखाली कुठेतरी पडलेल्या त्या बांधाची मापे दोघांनी उभे राहून हातवारे करत सांगितली. हातवारे करता करता ते मध्यावर आले. एका नातीने विचारले, “मग आता त्यो बांध कुणाचा हाय?”

दोघांचे हात खाली आले. थोरला पाण्याकडे पाहून म्हणाला, “आता माशांचा, बाय.” मग धाकट्याला म्हणाला, “बस खाली. लाँच हलतीया.” धाकटा त्याच्या शेजारी बसला. पुढे ते बोलू लागले की नाही, याची मी खात्री केलेली नाही. परतीच्या फेरीत त्यांनी एकाच डबीतली तंबाखू मळली, एवढे मी पाहिले.

एक जागा मात्र तात्या कधी दाखवत नसत. बुडालेल्या गावात त्यांचे घर नव्हते, कारण त्यांचे कुठेच घर नव्हते. मेंढपाळांचे कुटुंब. शेतकरी खतासाठी त्यांची मेंढरे आपल्या रानात बसवून घेत, चार रात्री या रानात, चार त्या. नदीकाठच्या मळईत, म्हणजे गाळाच्या रानांत, दर उन्हाळ्यात त्यांचा मुक्काम असे. ती रानेही पाण्याखाली गेली होती.

“लाँच त्या रानावरून जाते तेव्हा काय सांगता?” मी एकदा टपरीवर विचारले.

“त्यो भाग कुणी इचारत न्हाय.”

“मला ठावं हाय की कुठलं रान,” बायको म्हणाली आणि कपबशी विसळताना हसली.

“गप ए,” तात्या म्हणाले. उन्हाने रापलेल्या माणसाला लाज वाटली तर ती कानांवर दिसते. तशी दिसली.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मुलगा बारामतीत कारखान्यात कामाला होता. त्याने दोघांना जळोचीला आपल्या घरी आणले. डॉक्टरांनी सांगितले की बोलणे परत येऊ शकते, पण माणसाने स्वतःहून तोंड उघडले पाहिजे. त्याला बोलते करा. जितका उशीर होईल तितके अवघड.

मी भेटायला गेलो तेव्हा तात्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. सून म्हणाली, “तात्या, वळखलं का? पेपरवालं सायेब.” त्यांनी मान हलवली. मुलगा म्हणाला, “बरं वाटतंय ना?” त्यांनी मान हलवली. येणारा प्रत्येक जण त्यांना बरोबर तेच सांगत होता आणि ते प्रत्येकाला मान हलवून होकार देत होते. बायको पायाशी बसून गुडघ्याला तेल लावत होती.

दारापर्यंत सोडायला आलेला मुलगा म्हणाला, “सायेब, आईचं बी बोलणं कमी झालंय. ही दोघं आशीच ऱ्हायली तर घरात आवाज कुणाचा?” मग म्हणाला, “लाँचीवर नेऊन बघावं म्हणतोय. तुमी या.”

जीपमधून त्यांना धक्क्यावर आणले. चालकाने आणि मुलाने खुर्चीसकट उचलून लाँचमध्ये ठेवले. सगळे कुटुंब चढले. त्या दिवशी लाँच त्यांच्यासाठी होती, आणि दुसरे कोणी उतारू घेतले नव्हते.

कुटुंबाने जमेल ते सगळे केले. पोरांनी पक्षी दाखवले. मोठ्या नातीने शाळेतले गाणे म्हटले, ते इंजिनात बुडाले. सुनेने शेंगदाण्याचा लाडू मोडून भरवला. मुलगा दर वळणावर विचारत होता, “तात्या, हे बघा, दिसतंय ना?” तात्या मान हलवत होते. अंगावर शाल, तोंडावर पाहुण्याचे हसू. आपल्याच लाँचवर ते पाहुणे झाले होते.

बुडालेल्या गावावर चालकाने कळ ओढली. सवयीने ओढली असावी. लाँच शांत झाली आणि सगळे डब्याची वाट पाहू लागले. डबा नेहमीच्या जागी होता. मुलगा घसा साफ करून म्हणाला, “हितं देऊळ. त्या अंगाला चिंच. तिला पार व्हता. बरोबर ना, तात्या?”

सगळे बरोबर होते. तात्यांनी मान हलवली.

मुलगा खाली बसला. त्याने चालकाकडे पाहून परत फिरण्याची खूण केली. चालकाने हात कळीकडे नेला.

“थांब की जरा,” तात्यांची बायको म्हणाली.

ती उठली, डबा उचलून नवऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि नातवंडांकडे वळली. नवऱ्याकडे पाहिले नाही.

“पोरांनू, नदीच्या त्या वाकणाला मळई व्हती. तुमच्या आज्याची मेंढरं अल्याड बसलेली, आमची पल्याड. नदी आटलेली, गुडघाभर पाणी. ह्यांचं एक कोकरू आमच्या मेंढरांत आलं. न्यायला ह्ये आलं. मी काय दिलं न्हाय. म्हनलं, आमचंच हाय. लय भांडलो.” तिने एका पोराच्या डोक्यावर हात ठेवला. “काळं व्हतं कोकरू. काळंकुट्ट.”

तात्यांची मान हलली नाही.

“कान बी काळं, पाय बी काळं,” ती म्हणाली. “आन भांडणात ह्ये रडलं.”

खुर्चीतून एक आवाज आला. शब्द नव्हता. सून पुढे सरकली, तर म्हातारीने तिला हाताने मागे थोपवले. तात्यांचा डावा हात शालीतून बाहेर आला. बोटे डब्यावर एकदा वाजली. बऱ्याच वेळाने दुसऱ्यांदा वाजली.

“पां,” ते म्हणाले. तोंड वाकडे झाले, गळ्याच्या शिरा ताणल्या. “पांढरं.”

पोरे खुर्चीकडे वळली.

“कान,” ते म्हणाले. “येक... कान... काळा.”

“आन रडलं कोण?” तिने विचारले. अजूनही ती पोरांकडेच तोंड करून होती, पण पदर डोळ्यांशी गेला होता.

“तू.”

“आसं व्हय? माझं चुकलं मग.” ती त्यांच्या पायाशी, पोरांच्या ओळीत जाऊन बसली. “तुमीच सांगा.”

त्यांनी सांगायला सुरुवात केली. शब्द एकेक करून येत होते, काही अर्धेच, काही भलतेच. भलता शब्द आला की ते स्वतःच थांबत, डाव्या हाताने तो पुसल्यासारखा करत आणि पुन्हा धरत. पोरे मान वर करून ऐकत होती. वारा पाठीमागून होता आणि लाँच आपोआप मळईच्या वाकणाकडे सरकत होती. चालकाने कळीवरचा हात काढून मांडीवर ठेवला होता.