सहाव्या खुर्चीचे मामा

मामा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. सोलापुरातल्या एका गिरणीमालकाच्या जुन्या बंगल्याचं संग्रहालय झालं आणि तिथल्या वस्तूंची नोंदवही करायला मी रुजू झाले. पहिल्याच दिवशी दिवाणखान्याच्या राखणदाराने मला दारात अडवलं. "पर्स बाहेर ठेवा." मी इथंच नोकरीला आहे, असं म्हटलं. "असाल की. पर्स बाहेर ठेवा." हेच ते मामा.

अकलूजहून आलेल्या एका गृहस्थांनी मालकांच्या पलंगाची गादी जरा दाबून पाहिली, तर मामा त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले. "गादी कोण नेणार आहे, मामा?" मी विचारलं. "कुणी न्हाय नेत. पण दाबून बगणारा कशापायी बगतो, ते ठाव असावं." इतका संशयी माणूस स्वतः कितपत सरळ असेल, असं माझ्याही मनात एकदोनदा येऊन गेलं.

याच मालकाच्या गिरणीत मामांनी उमेदीची वर्षं मागावर काढली होती. या बंगल्यात मात्र तेव्हा त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं. "पाळी सुटली की गेटवर हात वर करून हुबं राहायचं. डबा उगडून दावायचा. एक चिंधी कदी निगाली न्हाय माज्याकडं." राग नव्हता का येत? "येत व्हता की. पण समदेच साव व्हते असं बी न्हाय."

मग दिवाणखान्यातल्या सहा शिसवी खुर्च्या पॉलिशला गेल्या. पंधरवड्याने परत आल्या तेव्हा मामांनी एकेक उचलून जागेवर ठेवली. सहावीपाशी थांबले.

"म्याडम, ही आपली न्हाय. लई हलकी हाय."

मी माझे फोटो काढून ताडून पाहिले. तीच नक्षी, तेच हात. मामांच्या या शंकेने संग्रहालयाचे व्यवस्थापक साहेब वैतागले होते. 'सहा खुर्च्या मिळाल्या' असं लिहून मी सही केली. मामा गप्प बसले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, ही खोटी हाय. शेवटी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "लोकांना चोर ठरवता ना? मग आज जाताना तुमचीही पिशवी तपासू."

मामांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. डबा, पंचा, बीपीच्या गोळ्या. डब्याचं झाकणही त्यांनी स्वतःच काढून दाखवलं. मी तिथंच उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. दिवाणखान्याची किल्ली टेबलावर ठेवून मामा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. दार लोटून मी ती खुर्ची उलटी केली. खाली रंग मारलेलं प्लायवूड आणि नवे कोरे स्क्रू. माझे सगळे फोटो समोरून काढलेले. साहेबांना बोलावून दाखवलं, तेव्हा त्यांनी लगेच पॉलिशवाल्याला फोन लावला.

मी नवी पेठेमागच्या गल्लीत मामांच्या घरी गेले. माझं चुकलं म्हणाले, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बाकीच्या पाच उलट्या करून बगितल्या का?"

मी मान हलवली. नव्हत्या बघितल्या.

मामांनी चपला घातल्या.

पाचही खुर्च्या त्यांनी उलट्यासुलट्या करून पाहिल्या. अस्सल होत्या. दुपारी पॉलिशवाला 'चुकून अदलाबदल झाली' म्हणत टेम्पोतून सहावी घेऊन आला. मामांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि जागेवर ठेवली. साहेब पुढे झाले. "मामा, माझी चूक झाली. उद्यापासून या."

"न्हाय साहेब. गिरणीत पोटासाठी झडती दिली. आता पोटाची तेवडी नड न्हाय."

साहेबांनी पुन्हा आग्रह केला नाही. मी मामांना सोडायला फाटकापर्यंत गेले. रिक्षा थांबली, तेव्हा धीर करून विचारलं, "माझ्यावर तरी आता विश्वास आहे ना, मामा?"

मामांनी जरा विचार केला.

"थोडा हाय की," ते म्हणाले आणि रिक्षात बसले.