पुढील आदेशापर्यंत

मी सरकारी कार्यालयात कारकून. घरून काम करायची मुभा 'पुढील आदेशापर्यंत' होती आणि तो आदेश कधी निघेल, हे साहेबांनाही ठाऊक नव्हतं. माझे वडील अंथरुणाला खिळलेले. एरवी मी ऑफिसला गेले की बंगळुरातल्या आमच्या बसवनगुडीतल्याच एक अक्का त्यांच्याजवळ बसायच्या. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, "उद्या येऊ?" सरकारला मनातल्या मनात शिव्या घालत मी म्हणायचे, "कळवते." त्या "सरी", म्हणजे 'बरं', म्हणून फोन ठेवायच्या.

एका सकाळी मोबाइलवर आदेश आला: आजपासून सर्वांनी हजर राहावे. मी लगेच अक्कांना फोन लावला.

"मी दुसरं घर धरलं," त्या म्हणाल्या. "तुमचं काही ठरतच नव्हतं."

आतून वडिलांनी विचारलं, "आज माझ्यापाशी कोण?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कळवते."