कॅप्सूल फोडून

पप्पा उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका कारखान्यात जीन्सचं कापड कापतात. तिथे कुणाचा हात कापला की अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडायची, पावडर जखमेत भरायची आणि वरून चिंधी बांधायची, अशी रीत आहे. पप्पांचं बोट मशीनच्या पात्याखाली आलं तेव्हा घरी कॅप्सूल मीच फोडल्या. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, म्हणून सगळे म्हणाले, तू कर, तुला कळतं. मला कळत नव्हतं. तसं सांगायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी बोट वांग्यासारखं सुजलं. चिंधी सोडायला गेलो तर पप्पांनी डाव्या हाताने तांब्या फेकून मारला. माझं कपाळ फुटलं. तरी मी चिंधी सोडलीच. आत पावडरची टणक खपली धरली होती आणि तिच्या कडेने पू येत होता.

अंबरनाथ पूर्वेच्या डॉक्टरांनी बोट चिरायला घेतलं आणि मला पप्पांचं मनगट दाबून धरायला सांगितलं. पू झालेल्या जागी भुलीचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पातं आत गेल्यावर पप्पांनी माझ्या पोटात लाथा घातल्या. मी धरून राहिलो. शर्टभर रक्त उडालं.

पावडर कुणी भरली, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, मी.

"औषध पोटातून रक्तात जातं, रक्तातून बोटापर्यंत. तू वरून झाकण लावलंस आणि पू आत कोंडला," ते म्हणाले. सात दिवस सकाळ-संध्याकाळ गोळी, एकही चुकली तर कदाचित बोट काढावं लागेल.

चौथ्या दिवशी सूज उतरली. पप्पांनी उरलेल्या गोळ्या खिशात टाकल्या आणि कामावर निघाले.

"ठीक झालंय मला. ह्या राहू दे, कारखान्यात कुणाला तरी लागतील."

मी दारात उभा राहिलो. त्यांनी कानाखाली मारली, परत मारली. मग मी त्यांना खाली पाडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या अंगावर हात टाकला. छातीवर गुडघा ठेवला, नाक दाबलं आणि तोंड उघडल्यावर गोळी आत सारली. त्यांनी माझं बोट रक्त येईपर्यंत चावलं. आई पाणी घेऊन धावली.

"गुडघा काढ रे, घशात अडकेल त्यांच्या."

मी गुडघा काढला. ते उठून बसले आणि पाणी प्यायले. गोळी गेली.

संध्याकाळची गोळी त्यांनी स्वतःहून घेतली, माझ्याकडे पाठ करून. पुढच्याही तशाच घेतल्या. बोट राहिलं. पेरात वाकत नाही.