सोमवारची बिलं

निवृत्त होऊन मला आता दोन वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सिंहस्थाचा बंदोबस्त केला. पण आजही कुणी पोलिसातली एखादी गोष्ट सांगा म्हटलं, की मी खुर्ची पुढे ओढून औषधांच्या एका एजन्सीची हकीकत सांगायला लागतो. तिच्यात ना चाकू होता ना बंदूक. होती ती फक्त संगणकातली गडबड. तिच्यापायी एक निर्दोष बाई तुरुंगात जाता जाता राहिली, आणि तिला तिथे पाठवणारा मीच असतो.

वडील रेल्वेच्या नोकरीमुळे उज्जैनला आले आणि आम्ही इथलेच झालो. ही हकीकत घडली तेव्हा मी इथेच एका पोलीस थान्याचा प्रभारी होतो. श्रावण चालू होता. एके दिवशी सकाळी माझ्या थान्यातली महिला आरक्षक, म्हणजे कॉन्स्टेबल, एक बिल घेऊन समोर उभी राहिली. मुलगी कॉमर्स शिकलेली, नजरेने तिखट.

"सर, ये बिल देखिए. गडबड लग रही है."

तिच्या ओळखीच्या एका दुकानदाराचं नानाखेड्याला मेडिकल स्टोअर होतं. त्याने टावर चौकाजवळच्या एका एजन्सीकडून झोपेच्या गोळ्या घेतल्या. काही पाकिटं फाटकी निघाली, म्हणून बिलासकट परत पाठवली. एजन्सीतून उत्तर आलं, हे बिल आमचं नाहीच. या नंबरवर दुसऱ्याच दुकानाला माल गेलाय.

माझे कान टवकारले. झोपेच्या गोळ्या नशेसाठी चोरून विकल्या जातात, आणि त्यासाठी खोटी बिलं बनतात, हे आम्ही अनेकदा पाहिलं होतं. रोजनामच्यात नोंद केली, दोन पंच घेतले आणि थेट एजन्सी गाठली. संगणकाच्या हिशेबाने त्या गोळ्यांचे एकतीस डबे शिल्लक असायला हवे होते. कपाटात निघाले वीस. अकरा डबे गायब!

मालकाने कपाळाला हात लावला. "साहब, हमारे यहाँ बिल तो एक ही जन बनाता है," असं म्हणत त्याने बिलाच्या टेबलाकडे बोट केलं. तिथे पन्नाशीच्या एक मराठी बाई बसल्या होत्या. मालकाचा आवाज चढला, "सोलह साल भरोसा किया इन पर!"

सगळा स्टाफ बघत होता. बाई उठून उभ्या राहिल्या. मी पंचनाम्यात त्यांच्या नावापुढे 'संशयित' लिहिलं.

स्त्रीची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची, असा कायदा आहे. शनिवारी दुपारी महिला आरक्षकाला बरोबर घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

"ताई, अकरा डबे कुठे गेले?"

"दुकानात गेले, साहेब. मी जेवढी बिलं केली तेवढेच गेले."

"मग ती बिलं संगणकात का नाहीत?"

"ते मला काय माहीत? मी तर टाकली होती. मधे मधे पडद्यावर ती लाल पाटी येते ना, डेटा मिळाला नाही म्हणून. मी मालकांना फोन केला, तर म्हणाले, ओके दबा दो, चल जाएगा. मी दाबलं. चालू झालं. तेव्हापासून दाबतेच आहे."

असली उत्तरं मी खूप ऐकली होती. पकडला गेलेला माणूस आधी यंत्राला दोष देतो. मी जरा कडक आवाजात म्हणालो, "खरं सांगितलंत तर तुम्हालाच सोपं जाईल."

त्याबरोबर बाई उसळल्या. "चोरी करायची असती तर प्रत्येक बिलाची ऑफिसची प्रत मी फाइलला कशाला लावली असती? जाऊन बघा, डाव्या कपाटात तारखेवार लावलीय. एक पण कागद कमी निघाला तर मी स्वतः येऊन तुमच्या गाडीत बसते. वॉरंट नको का फिरंट नको!"

थान्यात परतताना मी त्यांचं बोलणं मनात घोळवत होतो. खोटं बोलणारा माणूस कागदापासून पोलिसाला लांब ठेवायला बघतो. ही बाई मला कागदाकडे ढकलत होती. इकडे वरून दोनदा फोन आलेला, नशेच्या गोळ्यांचं प्रकरण आहे, अटक कधी? अटकेचे कागद टेबलावर तयार होते. सहीसाठी मी पेन उघडलं, आणि पुन्हा बंद केलं. म्हटलं, एक दिवस. फाइल बघू, मग सही.

रविवारी फाइल जप्त करून थान्यात आणली. आरक्षकाने संगणकातली यादी छापून घेतली होती. ती नंबर आणि दुकानाचं नाव वाचायची, मी बिल शोधायचो. सापडलेली बिलं एकीकडे, यादीत नसलेली दुसरीकडे. तीन तासांनी दुसऱ्या गठ्ठ्यात एकोणीस बिलं जमली. मी कोऱ्या कागदावर त्यांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि सहज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

मी खुर्चीवरून उठलोच. "अरे, ये तो सब सोमवार हैं!"

"सर, टाइम भी देखिए," ती जवळजवळ ओरडली. प्रत्येक बिलावर वेळ छापलेली होती. एकूणएक बिलं दुपारी एकच्या आतली.

श्रावणातला सोमवार म्हणजे काय, हे उज्जैनच्या पोलिसाला सांगावं लागत नाही. महाकालची सवारी, म्हणजे पालखी, सकाळपासून जुन्या शहरात गर्दी, रस्ते बंद, अख्खा थाना बंदोबस्ताला. आणि हा मालक जुन्या शहरातच राहणारा! मी लगेच फोन लावला.

"सोमवार को आप ऑफिस कितने बजे पहुँचते हैं?"

"बाबा के दर्शन करके निकलता हूँ साहब. रास्ते बंद रहते हैं, एक तो बज ही जाता है."

"और मेन कंप्यूटर कहाँ रखा है?"

"मेरे केबिन में. इसी साल अंदर रखवाया. ताला लगाकर जाता हूँ."

अटकेचे कागद मी खणात टाकले.

दुसऱ्या दिवशी सोमवारच होता. बंदोबस्तातून थोडी सवलत मागून घेतली आणि दहा वाजता आम्ही एजन्सीत हजर. मालकाला सांगून ठेवलं होतं, नेहमीच्याच वेळी या. बाईंनाही बोलावलं होतं. त्या कुणाकडे न बघता टेबलापाशी बसल्या आणि संगणक चालू केला. आम्ही दोघं त्यांच्या मागे उभे.

लाल पाटी आली! डेटा सापडला नाही.

"दाबू?" बाईंनी विचारलं.

"एरवी दाबता तसंच दाबा."

पाटी गेली. एजन्सीचं नाव पडद्यावर आलं, सगळं नेहमीसारखं. आरक्षक पुढे वाकली, दोन-तीन ठिकाणी बोट फिरवून तिने पाहिलं आणि ताडकन सरळ झाली.

"सर, नाम वही है, पर ये मेन कंप्यूटर का डेटा नहीं है. इसी मशीन में पुरानी कॉपी पड़ी है!"

सगळं लख्ख झालं. मेन संगणक केबिनमध्ये हलवून नेटवर्क जोडताना संगणकवाल्याने हिशेबाची एक जुनी प्रत या संगणकात तशीच सोडली होती. केबिनमधला संगणक बंद असला की सॉफ्टवेअरला तिथला हिशेब सापडत नसे, आणि ते ही जुनी प्रत उघडत असे. त्या प्रतीत नंबर मागचे, म्हणून एकाच नंबरची दोन बिलं. एक वाजता मालक येऊन मेन संगणक चालू करायचे, बाई सॉफ्टवेअर पुन्हा उघडायच्या, आणि सकाळची बिलं त्या जुन्या प्रतीतच अडकून पडायची.

"गोळ्यांचे डबे मोजा," मी म्हणालो.

तिने एकेक बिल उघडलं. "सात... नौ... दस..." शेवटचं बिल. "ग्यारह! सर, पूरे ग्यारह!"

मी टेबलावर अशी थाप मारली की सगळा स्टाफ धावत आला. बाईंनी पदर तोंडाला लावला. आधी रडल्या, मग हसायलाच लागल्या.

एक वाजता मालक आले. केबिन उघडलं, मेन संगणक चालू केला, बाईंनी सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं, आणि मालकांच्या डोळ्यांदेखत तीच एकोणीस बिलं पडद्यावरून नाहीशी झाली. बिचारे घामाघूम झाले. बाईंना म्हणाले, "अंदर आइए, बात करते हैं."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "चोर सबके सामने बोला था. अब जो बोलना है, सबके सामने बोलिए."

मालकांनी सगळ्या स्टाफसमोर हात जोडले. मग मीही माझी चूक तिथेच कबूल केली. प्रकरण नस्तीबद्ध, म्हणजे बंद, करण्याचा अहवाल लिहिला, त्यात बाईंच्या नावापुढे 'निर्दोष' असं स्पष्ट घातलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

चाळीस माणसांची चौकशी करून जे कळलं नसतं ते मला एका कोऱ्या कागदाने शिकवलं. मी सुरुवातीपासून 'कोणी केलं' एवढंच विचारत होतो, कारण समोर बोट दाखवायला एक माणूस तयार होता. 'केव्हा झालं' हे विचारलं आणि सगळं उलटलं. पुढे प्रत्येक नव्या पोलिसाला मी हेच सांगत आलो, नाव नंतर लिही, आधी तारखा लिही.

त्या दिवशी निघताना बाईंनी आम्हाला चहा पाजला. कप हातात देताना त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, शनिवारीच मला गाडीत बसवून नेलं असतंत, तर रविवारी ती फाइल कुणी उघडली असती?"

सहीसाठी उघडलेलं ते पेन मला आठवलं. त्यांच्याशी खोटं बोलवेना.

"कुणीच नाही, ताई," मी म्हणालो.